जुन्या घोंट आंब्यावर मानकुराद आंब्याचं कलम करावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गोव्यात डिचोली तालुक्यात आमचं वडिलोपार्जित घर आहे आणि मागच्या परसात घोंटाचा एक जुनाट आंबा. सावंतवाडी-मालवणकडच्यांनी बिटकी समजावी: मूठभर फळ, त्यात निम्मी कोय, उरलेला रस आणि रेषा. बुंधा दोघांच्या कवेत मावत नाही. वर्षाआड धरतो, पण धरला की मे महिनाभर पत्र्यावर रात्रंदिवस टपटप चालू.

थोरला दादा म्हणतो, एवढी जागा अडवून हे झाड देतं काय? हंगामाच्या तोंडाला म्हापशाच्या बाजारात मानकुरादाचा डझन हजारांच्या भाषेत बोलतो. घोंट फुकट पाठवले तरी शेजारी टोपली परत करताना तोंड वाकडं करतात. त्यात २०२३ मध्ये गोव्याच्या मानकुरादाला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून तर त्याने धोशाच लावलाय. जुन्या झाडाच्या फांद्या छाटून नव्या फुटव्यांवर मानकुरादाची कलमं बांधता येतात, असं त्याने ऐकलंय.

आईचा साफ नकार, कारण सासव. साल ओढून काढलेले अख्खे घोंट कोयीसकट पातेल्यात, वर ओला नारळ, सुकी मिरची आणि मोहरीचं वाटण, शेवटी गूळ. जेवताना कोय चोखायची, मनगटापर्यंत ओघळ येतात. मानकुरादाचं सासव एकदा करून झालंय. तो मुलायम गर मोहरीपुढे पार नांगी टाकतो. मुसराद जातीच्या आंब्याचं मांगाड (साखरेत आटवलेला गर), घोंटाचं सासव आणि मानकुराद नुसता चिरून, हा आईचा हिशेब, आणि मला तो पटतो.

जाणकारांनी सांगावं: एवढ्या जुन्या झाडाला छाटणी सोसेल का? कधी करायची? फळाला किती वर्षं थांबावं लागेल? बुंध्याच्या एका बाजूला भोकं आहेत आणि खाली लाकडाचा भुसा पडतो, त्याचं काय? शिवाय कलमासाठी मानकुरादाची काडी कुठून आणावी? एका रोपवाटिकेतून मानकुराद म्हणून आणलेल्या कलमाला पहिलं फळ धरलं आणि त्याला तोतापुरीची चोच निघाली! बाबांना मधुमेह आहे, तरी सासवाचा मोह सुटत नाही, त्यांना ते चालेल का, तेही जाता जाता विचारून घेतो.

पेडण्याचा बागायतदार:
आधी तो भुसा बघा. खोडकिडा आहे. भोकात तार घालून अळी ओढून काढा, पेट्रोलचा बोळा कोंबा आणि वरून चिखलाने लिंपा. हे न करता फांद्या छाटल्यात तर झाडच हातचं जाईल.

छाटणी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. जमिनीपासून दहा-पंधरा फुटांवर, तिरका काप, फांदी चिरता कामा नये. कापावर लगेच बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप). एकदम सगळं झाड बोडकं करू नका, सावली गेली की उन्हाने साल भाजते. फुटवे भरमसाट येतात, त्यातले मोजके जोमदार, बाहेरच्या अंगाचे ठेवा. पुढच्या पावसाळ्यात त्यांच्यावर पाचर कलम, म्हणजे फुटव्याच्या चिरेत काडी पाचरीसारखी बसवायची. फळ त्यानंतर साधारण तिसऱ्या वर्षी. कलमाच्या खालून घोंटाची फूट येत राहील, ती खुडत राहायची. कंटाळा केलात तर तीच वरचढ होते.

आणि दादांना सांगा, मानकुरादही वर्षाआडच धरतो. वर मोहरावर तुडतुडे आणि भुरी आली की फवारण्या आल्याच. घोंटाला आजवर कधी पंप लावला होता का?

कलमवाला:
मानकुराद झाडागणिक वेगळा निघतो, म्हणून नुसत्या नावावर काडी घेऊ नका. ज्या झाडाचं फळ स्वतः खाल्लंय त्याचीच घ्या, तीन-चार महिन्यांची, डोळा फुगलेली. नाहीतर जुने गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत चौकशी करा, त्यांनी निवडलेला कार्दोज मानकुराद आहे. दादांच्या मनात मुळासकट पाडायचं आलंच, तर १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वनखात्याची परवानगी लागते, हेही कानावर घाला.

परसातली सुगरण:
काकूंच्या बाजूने माझं मत! घोंट जास्त झाले तर साठां (आंबापोळी) घाला. रस गाळून, आटवून, ताटाला तुपाचा हात लावून उन्हात थरावर थर. खालचा थर सुकल्याशिवाय वरचा ओतू नये, नाहीतर बुरशी येते. काकांचं म्हणाल तर आंब्यात अ आणि क जीवनसत्त्व असतं खरं, पण शंभर ग्रॅम गरात चौदा ग्रॅमच्या आसपास साखरही असते, आणि सासवात वर गूळ. त्यांच्या वाटीत एकच घोंट, गूळ घालण्याआधी काढलेला, आणि त्या जेवणात भात कमी. किती चालेल ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

धागाकर्ता:
सर्वांचे आभार. दादाला वाचून दाखवलं. फवारणीचं ऐकून जरा नरमला, पण कायद्याचं वाक्य मलाच दोनदा वाचायला लावलं. आता विहिरीकडच्या तीनच फांद्या छाटायच्या, घराकडची बाजू आईची. तारेने कालच चार अळ्या निघाल्या, करंगळीहून जाड. डिचोली-साखळी भागात उंच फांदी दोराने बांधून खाली सोडणारा कसबी माणूस कुणाच्या माहितीत आहे का? फांदीखाली पत्रे आहेत. असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा.