मदत हवी आहे: तोफेच्या नावात कंसात 'आर' आहे, तो कशाचा?

महालकर
रविवारी आमच्या ग्रुपचं मॉडेल प्रदर्शन आहे, पाटी उद्या सकाळी छापायला द्यायची. तोफेच्या नावात आकडा आणि कंसात आर. हा आर कशाचा? दोन ठिकाणी दोन नावं दिसली, डोकं पिकलं. लवकर सांगा.

बर्डीवाला
कोणती तोफ भाऊ? आकडा नाही, फोटो नाही, सांगणार कसं?

महालकर
जर्मन, दुसरं महायुद्ध, नळीचा आतला व्यास ७.६२ सेंमी. एकीकडे पाक (रणगाडाविरोधी तोफ) ३६ आर, दुसरीकडे एफके (मैदानी तोफ) २९६ आर. फोटो घरी गेल्यावर.

संत्रानगरी
आर म्हणजे ऱ्हाइनमेटाल. तोफा बनवणारी कंपनी.

तोफखाना
नाही हो. आर म्हणजे रशियन. पकडलेल्या तोफेला जर्मन सैन्य स्वतःच्या यादीतला आकडा द्यायचं आणि मूळ देशाचं अक्षर कंसात: एफ फ्रेंच, टी चेक, पी पोलिश, ई इंग्रज. ब्रिटिशांची २५ पौंडी तोफ त्यांच्याकडे ८.७६ सेंमी एफके २८० ई झाली. तिथे कुठली कंपनी आली?

कामठीरोड
रंग आधी ठरवा. फेब्रुवारी १९४३ नंतरची असेल तर गडद पिवळा, आधीची असेल तर गडद राखाडी. मी तीन मॉडेलं खरवडून परत रंगवली आहेत.

महालकर
रंग झाला आहे. मी नाव विचारून राहिलो.

संत्रानगरी
मग सगळ्यांचे आकडे तीन अंकी आणि याचाच ३६ काहून?

तोफखाना
हा प्रश्न नेमका आहे. ३६ हे रशियन एफ-२२ तोफेचं साल, १९३६. जशीच्या तशी वापरली ती एफके २९६ आर, म्हणजे मैदानी तोफ. पण बऱ्याच त्यांनी रणगाडाविरोधी करून घेतल्या. रशियन काडतुसाची पुंगळी ३८५ मिमी लांब, जर्मनांच्या पाक ४० ची ७१५. चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, आतून कोरून मोठं केलं, म्हणजे स्वतःच्या कारखान्यातली पुंगळी बसावी. एफ-२२ ची रचना मुळातच जास्त दाबाच्या काडतुसासाठी झाली होती, म्हणून तिला ते झेपलं. नळीच्या तोंडाला धक्का कमी करणारा ब्रेकही लावला. एवढं बदललं म्हणून नाव पाक ३६ आर.

बर्डीवाला
१९६५ च्या युद्धात पंजाबातल्या असल उत्तरला आपण पाकिस्तानचे पॅटन रणगाडे पकडले, नाव कुठं बदललं? उलट जिथे ठेवले त्या जागेलाच लोक पॅटननगर म्हणू लागले.

तोफखाना
ते पॅटन दाखवायला ठेवले होते. तोफ रोज डागायची तर गोळे आणि सुटे भाग मागवावे लागतात, कोठाराला आपलं नाव लागतं. महालकर, ब्रेक आहे का? आणि नेम धरायची हातचाकं कुठल्या बाजूला?

महालकर
आता पाहिलं. नळीचं तोंड सरळ, ब्रेक नाही. एक चाक डावीकडे, एक उजवीकडे.

तोफखाना
मग ती मूळ रशियन मांडणी. नेम धरायला दोन बाजूंना दोन माणसं लागायची, जर्मनांनी पुढे दोन्ही चाकं डावीकडे आणली, म्हणजे एकाच माणसाचं काम. पाटीवर ७.६२ सेंमी एफके २९६ आर लिहा, पाक ३६ नको.

महालकर
लिहितो. दोन्ही बाजूंचे फोटो पाटीशेजारी लावीन, म्हणजे बघणाऱ्याला चाकं दिसतील.

कामठीरोड
राखाडीवर धूळ मारली का? रशियातली असेल तर मारा.