मदत हवी आहे : नाण्यावरचा हा खुसरो नेमका कोणता?

आजोबांच्या पेटीत चांदीचं एक नाणं मिळालं. पसरट, पापडासारखं पातळ, वजन जेमतेम चार ग्रॅम. एका बाजूला मुकुट घातलेला राजा, दुसरीकडे अग्निवेदी आणि तिच्या दोन्ही अंगांना उभे सेवक. नाण्यांचा नाद असलेल्या मित्राने पहलवी (जुनी इराणी लिपी) अक्षरं लावून 'हुस्रव' वाचलं. म्हणजे इस्लामपूर्व इराणच्या सासानी घराण्यातला राजा खुसरो.

पण कोणता? पहिला खुसरो अनोशिरवान (कारकीर्द 531–579) की त्याचा नातू, दुसरा खुसरो परवेझ (590–628)? परवेझच्या मुकुटावर पंख असतात म्हणे. माझ्या नाण्यावर तिथेच झीज झालीय, नशीब! वेदीच्या डावीकडे राज्यवर्ष आणि उजवीकडे टांकसाळ असते, ती अक्षरं मात्र शाबूत आहेत. कुणाला वाचता येतील का? फोटो टाकतो.

आणखी एक. ग्रीकांचा खोस्रोएस, अरबांचा किस्रा, 1622 साली बुऱ्हाणपुरात मेलेला जहांगीरचा मुलगा, आपल्याकडच्या पारशांचा कैखुशरू, सगळीकडे नाव तेच. अवेस्ता या पारशांच्या धर्मग्रंथातलं 'हओस्रवह' म्हणजे आपलं संस्कृत 'सुश्रवस्', चांगली कीर्ती असलेला. मग मराठीत खुसरो लिहू, खुस्रो की खुशरू? नोंदवहीत एकच हवंय.