उताराच्या रानात गव्हाला हार्वेस्टर: टायरचा की चेनचा, आणि ट्रॉली कुठं लावायची?

उतार_पन्हाळा
पन्हाळ्याच्या पश्चिम अंगाला पाच एकर गहू आहे, फुले समाधान. दाणा भरलाय, दहा-बारा दिवसांत काढणीला येईल. रान तीन पट्ट्यांत, मधे दगडी ताली (बांध). पट्टीची लांबी सव्वाशे मीटर, रुंदी कुठं दीडशे तर कुठं दोनशे फूट. वरची पट्टी जवळपास सपाट, मधली कललेली, खालची ओढ्याकडं चांगलीच उतरती. पाणंद पूर्वेच्या कडेनं वरनं खाली येते.
१४ फुटी कापणीच्या, टायरवरच्या हार्वेस्टरचा ड्रायव्हर रान बघून गेला. म्हणतो, वरची काढतो, मधलीचं बघू, खालची नाही. इकडं व्हॉट्सॲपवर अमेरिकेतले व्हिडिओ येतात, उभ्या डोंगरावर हार्वेस्टर चालतोय आणि बाजूनं ट्रॉली पळतीय. मग आपल्याकडं का नाही? किती उतारापर्यंत घालावं? उताराला आडवं काढायचं की उभं, वरखाली? ट्रॉली खाली न्यायची का?

मळणीवाला
आधी उतार मोजा. डोळा नेहमी जास्त सांगतो. १० फुटी सरळ ॲल्युमिनियमचा पाईप घ्या, त्यावर गवंड्याची लेव्हल ठेवा. चढाकडचं टोक जमिनीला टेकवा, उताराकडचं टोक उचलत बुडबुडा मधे आणा आणि त्या टोकाखालचं अंतर टेपनं घ्या. १ फूट भरलं तर उतार १० टक्के, म्हणजे पावणेसहा अंश. प्रत्येक पट्टीत दहा-बारा ठिकाणी मोजा आणि सगळ्यात मोठा आकडा धरा. मशीन सरासरीवर उलटत नाही.

ते व्हिडिओ पलूसचे. आपलं किर्लोस्करवाडीजवळचं नव्हे, वॉशिंग्टन आणि आयडाहो राज्यांच्या हद्दीवरचं. तिथली कंबाइन, म्हणजे हार्वेस्टरच, पण मुळातच वेगळी आहे. चाकं उतारावर खालीवर होतात, पण मळणीचा ड्रम, वॉकर (मळलेलं काड हलवत मागं नेणारा भाग) आणि चाळणी असलेला मधला सांगाडा हायड्रॉलिक सिलिंडरवर सपाट राहतो. पुढचा कटर बार तेवढा जमिनीबरोबर कलतो. अमेरिकेतल्या होल्ट कंपनीची डोंगरउतारावरची कंबाइन १८९१ ची, जनावरांनी ओढायची. सपाट ठेवायचं काम तेव्हा वरच्या माणसाच्या हाती होतं. आपोआप लेव्हल धरणारी यंत्रणा रेमंड हॅन्सन यांनी १९४० च्या दशकात त्याच भागात तयार केली. आपल्याकडं येणाऱ्या १४ फुटी मशीनला यातलं काही नसतं. मशीन जेवढं कलतं, तेवढीच आतली चाळणी कलते.

खरं नुकसान तिथंच होतं. उलटायची भीती सगळ्यांना दिसते, चाळणीवरून जाणारा दाणा कुणाला दिसत नाही. आडव्या उतारावर दाणा आणि भुसा घसरून चाळणीच्या खालच्या अर्ध्या भागात गोळा होतो. पंख्याचा वारा मोकळी वाट शोधतो आणि वरच्या रिकाम्या अर्ध्या भागातनं निघून जातो. खालच्या थराला वाराच लागत नाही. मग दाणा भुशात अडकून भुशाबरोबरच मागं पडतो. अशा वेळी ड्रायव्हर पंखा वाढवतो. त्यानं उलट होतं: वरच्या अंगाला जो थोडा दाणा असतो तोही उडतो.

खात्री करायची असेल तर मशीन पूर्ण भारात चालू असताना एकदम बंद करायला सांगा. सगळं थांबलं की किल्ली काढून घ्या आणि मागनं चाळणी बघा. ८-१० टक्क्यांच्या आडव्या उतारावर खालच्या अंगाला चार बोटं थर आणि वरच्या अंगाला उघडा पत्रा, असं दिसतं.

उतार_पन्हाळा
मोजलं. १० फुटांत वरची पट्टी जास्तीत जास्त ३ इंच, मधली ८ ते ९, खालची १५, ओढ्याजवळ १८. उतार सगळा रुंदीच्या दिशेनं.

मळणीवाला
म्हणजे अडीच, साडेसात आणि साडेबारा ते पंधरा टक्के. वरच्या पट्टीचा विचार सोडा, नेहमीसारखी काढा.

मधली टायरच्या मशीननं निघेल, आडवीच, पण या अटींवर:

पूर्ण १४ फूट घेऊ नका, ९-१० फूटच कापा. वेग ताशी अडीच-तीन किलोमीटर. वेग गिअर आणि लिव्हरनं कमी करायचा, थ्रॉटल खाली आणायचा नाही. उतारावर घाबरून थ्रॉटल कमी केला की ड्रम, वॉकर, पंखा सगळंच मंदावतं, ओंबी अर्धवट मळली जाते आणि वॉकरवर काड साठून मशीन तुंबतं.

गहू १४-१५ टक्के ओलाव्यावर असेल तर ड्रम आणि त्याखालच्या जाळीतलं अंतर पुढं १२ मिलिमीटर आणि मागं ६ पासून सुरू करा. टाकीत फुटका दाणा दिसला की आधी ड्रमचे फेरे कमी करायचे, जाळी नंतर. काड जितकं बारीक होतं तितकं चाळणीवर ओझं वाढतं, आणि उतारावर तेच परवडत नाही. म्हणून सकाळी दव असताना लावू नका, ड्रायव्हर दव असलं की जाळी आवळतो. अकरानंतर लावा.

चाळणीच्या आधी जो पायऱ्यांचा पत्रा असतो त्यावर मशीनच्या लांबीच्या दिशेनं २-३ इंच उंचीच्या उभ्या पट्ट्या बसवल्या तर माल एका अंगाला घसरणं बरंच कमी होतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठलाही फॅब्रिकेटर अर्ध्या दिवसात करून देईल. फक्त दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या हव्यात. तो सगळा भाग हलता आहे, वजन बिघडलं की टांगण्या तडकतात. मशीन मालकाचं आहे, त्यामुळं त्याला विचारूनच.

नुकसान किती होतंय ते मोजायला जीआय तारेची १ फूट बाय १ फूट चौकट करा. आधी उभ्या गव्हात टाकून गळालेले दाणे मोजा, ते वजा करायचे. मग मशीन गेल्यावर काड बाजूला सारून चाळणीच्या मागं मोजा. हजार दाण्यांचं वजन ४० ग्रॅम धरलं तर रानभर चौरस फुटाला १० दाणे म्हणजे एकरी १७ किलो. पण चाळणीचा माल साधारण साडेचार फुटांत पडतो आणि कापणी ९ फुटांची आहे. म्हणून मागं ३० दाणे सापडले तर सरासरी १५, म्हणजे एकरी २६ किलो. चौकट चढाकडच्या आणि उताराकडच्या अंगाला वेगवेगळी टाका. उताराकडं दुप्पट दाणे सापडले तर कापायची रुंदी आणखी कमी करा.

चेनगाडी
मधलीपर्यंत मळणीवाल्यांचं पटलं. खालची पट्टी टायरवाल्याला देऊच नका, ड्रायव्हर बरोबर बोलला. पंधरा टक्क्यांवर १४ फुटी मशीन आडवं घालणं म्हणजे टाकीतला जास्तीचा भार खालच्या पुढच्या चाकावर टाकणं. त्यात चाक सरीत किंवा उंदराच्या बिळात गेलं की संपलं. उभं घातलं तरी अडचण: मशीनचं वजन पुढं आणि सुकाणू मागच्या चाकांवर. उतरताना जोरात ब्रेक मारला की मागची चाकं हलकी होतात आणि वळायचं तिथं वळत नाही.

तिथं चेनचा हार्वेस्टर बोलवा, भाताला येतो तो, पण पूर्ण रोप आत घेणारा. नुसती ओंबी आत घेणारा गव्हाला उपयोगाचा नाही. त्याची कापणी दोन मीटरच्या आसपास, मळणी आडव्या लांब ड्रमची, वॉकर नसतोच. चाळणी अरुंद असल्यानं माल घसरायला जागाही कमी. तरी चाळणीचं गणित सुटत नाही, म्हणून आडवं नको. वरनं खाली कापत यायचं आणि रिकामं वर चढायचं. कापत वर चढलात तर माल चाळणीवरनं भराभर मागं पळतो आणि दाण्यासकट बाहेर पडतो. खाली उतरताना माल पुढं रेंगाळतो, परत मळणीला जाणारा माल वाढतो, पण दाणा मागं पडत नाही. त्या वेळी पंखा थोडा वाढवला तर चालतो. खेपा दुप्पट होतात, त्यामुळं एकरावर नाही, तासावर ठरवा.

आणखी तीन गोष्टी बघा. भाताच्या सेटिंगवर गहू काढू नका, ड्रमच्या झाकणाखालच्या वळण देणाऱ्या पट्ट्या आणि ड्रमचा वेग बदलून घ्या. आदल्या दिवशी चेन सैल आहे का बघा. उतारावर जागच्या जागी गिरकी घेतली की सैल चेन रोलरवरनं उतरते, आणि ती भर उतारात परत चढवणं म्हणजे अख्खी दुपार गेली. वळायचं तर मोठा वळसा, तोंड चढाकडं ठेवून. तिसरं, चेनचं मशीन डांबरी रस्त्यानं चालत येत नाही. ते गाडीवरनं येतं, उतरवायला पाणंदीच्या तोंडाला सपाट जागा ठेवा.

ओढ्याकाठचा १८ इंचाचा तुकडा मात्र सोडा. तिथं रीपरनं (नुसतं कापणाऱ्या यंत्रानं) कापा, तासाला अर्धा एकर धरा, पेंढ्या वर आणून थ्रेशरला घाला.

डबल_ट्रॉली
सगळे हार्वेस्टरवरच बोलतायत. अपघात ट्रॉलीचा होतो.

पलूसमधले ग्रेन कार्ट (धान्य वाहायचे गाडे) चालत्या कंबाइनखाली जाऊन माल घेतात, पण ते त्यासाठीच बनलेले असतात: रुंद टायर किंवा चेन, स्वतःचा ऑगर (धान्य बाहेर टाकणारा नळा), पुढं भलामोठा ट्रॅक्टर. आपल्या ट्रॉलीनं उतारावर ते करू नका. मशीननं ट्रॉलीकडं यायचं, ट्रॉलीनं मशीनकडं जायचं नाही.

ट्रॉली पट्टीच्या वरच्या कडेला तालीलगत, आडव्या सपाट जागेवर उभी करा. टाकी अर्धी झाली की रिती करायची. २ घनमीटरच्या टाकीत पंधराएक क्विंटल बसतो, म्हणजे अर्धी साडेसात. एकरी १५ क्विंटल गहू धरला तर अर्ध्या एकराला एक खेप. १४ फुटी कापणीत तुमच्या पट्टीच्या चार फेऱ्या झाल्या की टाकी अर्धी, ९ फुटीत सहा. फेऱ्या मोजा, म्हणजे ड्रायव्हर "अजून एक फेरी" म्हणायच्या आत थांबवता येईल. ऑगर बाहेर काढायचा तो मशीन थांबल्यावरच, मिटल्याशिवाय हलायचं नाही.

१० बाय ६ बाय २ फुटांची ट्रॉली काठोकाठ भरली तर २५-२६ क्विंटल होते. मधल्या पट्टीत दोन अर्ध्या टाक्या, म्हणजे १५ क्विंटलवर थांबा. दोन चाकी ट्रॉलीत माल अॅक्सलच्या किंचित पुढं हवा. मागं जास्त भरला की दांडी वर उचलते आणि ट्रॅक्टरची मागची चाकं जागेवर फिरतात. फार पुढं भरला की चढाला ट्रॅक्टरचं तोंड उचलतं. दांडी ट्रॅक्टरच्या खालच्या ड्रॉबारलाच, वर कुठं अडकवू नका. ट्रॉली थोडी जरी कललेली असेल तर चढाकडच्या बाजूला आधी भरा, गहू वाहतो.

दोन्ही ब्रेकचे पेडल खिट्टीनं जोडून घ्या, वावरात वळायला सुटे ठेवतात आणि तसेच विसरतात. पाणंदीनं ज्या गिअरात चढाल त्याच गिअरात उतरा, क्लच दाबू नका. उभी केली की मागच्या चाकाला दगड, हँडब्रेकवर भरवसा नको. पोरंटोरं ट्रॉलीवर नकोत.

उतार_पन्हाळा
चेनगाडीचं मधल्या आणि खालच्या पट्टीमधल्या तालीबद्दल बोलायचं राहिलं. ताल ३ फूट उंच आहे, मशीन खाली उतरवायला कोपरा फोडावा लागेल. किती फोडू?

चेनगाडी
१२ फूट रुंद आणि १५ फूट लांब. त्याहून आखूड केला तर उतरताना पुढचा कटर बार जमिनीत रुतेल. रॅम्प तालीला काटकोनात करा, तिरका नको. वरच्या कडेचा काठ जेसीबीनं गोल करून घ्या, नाहीतर चेन अधांतरी राहून मशीन एकदम आपटतं. दगड तिथंच बाजूला रचा, पावसाआधी ताल परत बांधायला लागतील. आणि पाणंदीवरच्या विजेच्या तारा किती उंच आहेत ते आजच बघून घ्या, मशीन गाडीवर चढवलं की उंची वाढते.

मळणीवाला
एक राहिलं. सायलेन्सरवर भुसा साठतो, दर दोन तासांनी झाडा. पाण्याचा फवारणी पंप भरून वरच्या तालीवर ठेवा. आग चढाकडं पळते, पंप ओढ्याकडं ठेवून उपयोग नाही.