मॉरिशसला इल ओ सर्फवर गोल्फ, सप्टेंबरात जावं का?

पुणेरी_पटर: नमस्कार मंडळी. गणपतीनंतर आम्ही दोघं मॉरिशसला चाललोय, ह्यांना गोल्फमधलं काही कळत नाही पण मला तिथल्या इल ओ सर्फ बेटावर एकदा तरी खेळायचंच आहे. हँडिकॅप २४ आहे, म्हणजे चांगल्या खेळाडूपेक्षा साधारण २४ फटके जास्त लागतात, इथे पुण्यात रविवारी खेळते तेवढंच. सगळीकडे पाणीच पाणी दिसतंय फोटोत, माझ्यासारखीला झेपेल का? आणि ह्यांनी चार-पाच तास काय करायचं?

खारा_वारा: ताई, बिनधास्त जा. मी दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये खेळलो, तेव्हा माझं हँडिकॅप २२ होतं. कोर्स बर्नहार्ड लँगरने डिझाइन केलाय, तोच तो १९८५ आणि १९९३ चा मास्टर्स विजेता, १८ होल, पार ७२, म्हणजे चांगल्या खेळाडूकडून ७२ फटके अपेक्षित. बेट पूर्व किनाऱ्याला आहे, त्रू दो दूस गावाजवळून बोटीने जायचं, बॅगसकट. ती बोटीतली पाच-दहा मिनिटं मला अजून आठवतात, खाली पाणी इतकं नितळ की तळाची वाळू दिसते.

खरी गोष्ट म्हणजे वारा. तुम्ही जाताय तेव्हा तिकडे हिवाळा संपत असतो आणि आग्नेयेकडून व्यापारी वारे सरळ ह्याच किनाऱ्यावर येतात. सकाळचा पहिला टी टाइम (खेळ सुरू करायची वेळ) मिळेल तो घ्या, अकरानंतर वारा वाढला की माझ्या नेहमीच्या सात नंबर आयर्नने (मधल्या अंतराची काठी) बॉल पोचेना, दोन नंबर लांबची काठी लागायला लागली. आणि पुढच्या टीवरून (पहिला फटका मारायची, होलला जवळची जागा) खेळा, त्यात कमीपणा अजिबात नाही. खाजणावरून बॉल उडवायचा असतो तिथे तीस यार्डांनी जमीन-अस्मानाचा फरक पडतो. मी मागच्या टीचा हट्ट धरला आणि नऊ बॉल घालवले. एक तर फूटभर पाण्यात काळ्या दगडाशेजारी स्वच्छ दिसत होता, पण हात पोचेना.

सुरूच्या_सावलीत: वरच्यांशी सहमत, फक्त गवताचं सांगते. तिथे पास्पालम आहे, खारट पाणी सोसणारं. फेअरवेवर (मधल्या कापलेल्या पट्ट्यावर) बॉल छान वर बसतो पण ग्रीनजवळ (होलभोवतीच्या बारीक गवताजवळ) चिप, म्हणजे छोटा फटका, मारली की आपल्याला वाटतो तेवढा घरंगळत नाही, थोडा दमदार मारा. पहिल्या चार होलना मी सगळ्या चिप आखूड ठेवल्या 😔 शूजला मऊ स्पाइक्स लागतात, धातूचे नेऊ नका.

ह्यांची काळजी नको, त्याच बेटावर सुरूच्या झाडांखाली किनारा आहे, पोहता येतं, लोक दिवसभर पिकनिकला येतात. शेवटची बोट किती वाजता ते मात्र आधी विचारून ठेवा.

पुणेरी_पटर: खूप आभार दोघांचे! ट्रॅव्हलवाला म्हणतोय टी टाइम तिकडे गेल्यावर बघू.

खारा_वारा: नको नको, आत्ताच ईमेल करा, हँडिकॅप सर्टिफिकेट लागेल का तेही त्यातच विचारा. माझ्या एजंटनेही असंच सांगितलेलं, आणि मला दुपारी एकचा वेळ मिळाला, म्हणून तर ते नऊ बॉल.

अजून एक, तुम्हाला आवडेल. आमचा टॅक्सीवाला चौथ्या पिढीतला मॉरिशसचा मराठी निघाला. घरात क्रिओल (तिथली रोजची भाषा) बोलतात, पण आरती पाठ. गणेशचतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. जमलं तर दोन दिवस आधीच निघा, तिथला गणपती बघा आणि मग खेळा.

पुणेरी_पटर: अय्या, हे माहीतच नव्हतं! ह्यांना दाखवलं, तिकीट अलीकडे घ्यायला लगेच तयार झाले.