सगळं एकदम बदललं की तुम्ही सावरता कसं?

पाऊलवाट:
खूप दिवस टाइप करून डिलीट करतेय, आज टाकतेच. गेल्या दीड वर्षात आई गेली, मग चार महिन्यांनी नोकरी बदलली, त्यासाठी शहर बदललं आणि आता मुलगी शिकायला बाहेर गेली. एकेक धरून बघितलं तर यात जगावेगळं काहीच नाही, पण सगळं एकावर एक आलं. ऑफिसात मी हसते बोलते, काम होतं. घरी आले की मात्र पर्स खांद्याला तशीच ठेवून बसून राहते, दिवा पण लावत नाही. काही चांगलं घडलं की अजून हात फोनकडे जातो, आईला सांगायला. जुन्या मैत्रिणी आहेत पण मधे मीच त्यांचे फोन उचलले नाहीत, आता कुठल्या तोंडाने करू? सगळे म्हणतात स्ट्राँग रहा. म्हणजे नक्की काय करायचं ते कोणी सांगत नाही.

दुपारचं_ऊन:
ताई, आधी ते "जगावेगळं काही नाही" म्हणणं सोडा. मी पण स्वतःला हेच सांगत होते, लोकांचं किती मोठं असतं, आपलं काय एवढं. १९६७ मध्ये होम्स आणि राहे नावाच्या दोघा मानसोपचारतज्ज्ञांनी आयुष्यातल्या ४३ घटनांची यादी केली होती, प्रत्येकीला गुण. जोडीदाराचा मृत्यू १००, निवृत्ती ४५, आणि लग्नाला पण ५०! म्हणजे आनंदाचा बदल असला तरी नव्याने जुळवून घ्यायला ताकद लागतेच आणि हे गुण एकमेकांत मिळवायचे असतात. तुमच्याकडे चार गोष्टी एकाच वेळी चालू आहेत, थकणारच ना.

मागचं_पान:
माझी बायको जाऊन सहा वर्षं झाली. पहिल्या वर्षी मला वाटायचं की एक तर दुःखात बुडून रहायचं नाहीतर सगळं मागे टाकून कामाला लागायचं, दोन्ही जमत नव्हतं. एखाद्या दिवशी बरं वाटलं, मित्रांबरोबर हसलो की रात्री अपराधी वाटायचं, जसं काही तिला विसरलो. समुपदेशक बाईंनी तेव्हा सांगितलं की शोक असाच चालतो, हेलकावे खात. कधी आठवणीत, कधी बँकेच्या कामात, परत आठवणीत. स्ट्रोब आणि शुट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये हेच मांडलंय म्हणे, की हे येणं जाणं म्हणजे बिघाड नाही, सावरणं त्यातूनच होतं. मला त्या एका वाक्याने जेवढा धीर आला तेवढा कशाने आला नव्हता. आणि आईला सांगायचं ते सांगा हो. मी अजून वहीत लिहितो तिला, चार ओळी, आज काय झालं ते. कोणाला दाखवत नाही.

नवा_पत्ता:
मी नोकरीसाठी तीनदा शहर बदललंय त्यामुळे माणसं जोडण्याबद्दलच बोलतो. नवीन ठिकाणी दोन महिन्यांत कोणी जवळचं झालं नाही म्हणून मी स्वतःलाच दोष द्यायचो. मग जेफ्री हॉल यांचा २०१८ चा अभ्यास वाचला, साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. डोक्यावरचं ओझंच उतरलं, कारण हा तासांचा प्रश्न होता, माझ्यात खोट नव्हती. मग मी एकच केलं, आठवड्यातून दोनदा त्याच वेळी त्याच बॅडमिंटन ग्रुपला जायचं, मूड असो नसो. तिसऱ्या आठवड्यात सोडणार होतो. पाचव्या आठवड्यात एक दिवस नाही गेलो तर एकाचा मेसेज आला, बरा आहेस ना? तो मेसेज मी अजून ठेवलाय.
जुन्या मैत्रिणींना मोठं स्पष्टीकरण देत बसू नका. "आई गेल्यापासून मला बोलताच येत नव्हतं, तुझी आठवण येते" एवढंच. आपल्याला वाटतं समोरच्याला अवघड होईल, पण अचानक आलेली अशी आठवण लोकांना आपल्या अंदाजापेक्षा जास्त आवडते, यावर पण संशोधन झालंय.

साधीसुधी:
वरचं सगळं पटलं पण दिवा लावत नाही हे वाचून मी थांबले. झोप, भूक कशी आहे? मन सतत उदास असणं, कशातच गोडी न वाटणं हे बहुतेक दिवस, दोन आठवड्यांच्या वर चालू असेल तर डॉक्टरांना दाखवाच, आणि जगणं नकोसं वाटलं तर त्याच क्षणी कोणाला तरी सांगा, वाट बघू नका. मैत्रिणी आणि उपचार दोन्ही लागतात कधी कधी. मी गोळ्या उशिरा सुरू केल्या, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

पाऊलवाट:
सगळ्यांचं दोनदा वाचलं, रडू पण आलं. साधीसुधी, झोप तुटक आहे, शुक्रवारची डॉक्टरांची वेळ घेतली. आणि काल रात्री एका मैत्रिणीला नवा_पत्ता यांनी लिहिलंय तसंच अगदी दोन ओळी पाठवल्या. तिने मेसेज केलाच नाही, सरळ फोन लावला. पहिली दोन मिनिटं दोघी नुसत्या गप्प होतो. मग ती म्हणाली, काकूंबद्दल सांग ना काहीतरी. तासभर बोललो. आता दर रविवारी संध्याकाळी फोन ठरलाय, या रविवारी ती करणार, पुढच्या वेळी मी.