वेदनाशामक गोळ्या आणि मूत्रपिंड : आपले अनुभव लिहा

आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नेप्रोक्सेन, अॅसिक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्यांमुळे आपल्या किंवा घरच्या माणसाच्या मूत्रपिंडावर परिणाम झाला असेल, तर गोळी कोणती होती, किती दिवस घेतली, सोबत कोणती औषधे सुरू होती आणि बिघाड कशावरून लक्षात आला, हे कृपया सविस्तर लिहावे. सुरुवात मी करते.

माझ्या आईला रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी अनेक वर्षे सुरू होती. गुडघ्यांसाठी ती डायक्लोफिनॅक स्वतःच्या मनाने घेऊ लागली. मात्र दुखण्याच्या गोळीला ती औषध समजतच नसल्यामुळे डॉक्टरांनी विचारूनही तिने ते सांगितले नाही. एका संध्याकाळी तिचे मोजे काढताना घोट्यावर खोल वळ दिसला, आणि बोटाने दाबल्यावर पडलेला खड्डा बराच वेळ तसाच राहिला. रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड नीट गाळत नसले की वाढणारा टाकाऊ घटक, २.६ निघाले. मूत्रपिंडतज्ज्ञांनी आम्हाला कागदावर आकृती काढून दाखवली : मूत्रपिंडातल्या गाळणीकडे रक्त आणणारी बारीक वाहिनी प्रोस्टाग्लँडिन या शरीरातच तयार होणाऱ्या रसायनामुळे रुंद राहते आणि डायक्लोफिनॅक नेमके तेच तयार होऊ देत नाही, टेल्मिसार्टनने गाळणीतून रक्त बाहेर नेणारी वाहिनी सैल होते, आणि लघवीच्या गोळीने शरीरातले पाणी घटते, त्यामुळे तिन्ही औषधे एकत्र आली की गाळणीतला दाब पार उतरतो. डायक्लोफिनॅक बंद केल्यावर दोन महिन्यांत क्रिएटिनिन १.४ वर आले, पण त्याखाली ते आजवर गेलेले नाही.

*

माझे वय ३४, कोणताही आजार नाही. उलट्या-जुलाबांसह ताप आला असताना मी तीन दिवस आयबुप्रोफेन घेतले, पाणी मात्र पोटात ठरत नव्हते. चौथ्या दिवशी दिवसभरात एकदाच, गडद रंगाची थोडी लघवी झाली. गोळी थांबवून सलाईन लावल्यावर दोन आठवड्यांत सारे पूर्ववत झाले. शरीरातले पाणी कमी झालेले असताना ही गोळी निरोगी माणसालाही भोवू शकते, हे मला कोणीतरी आधी सांगायला हवे होते.

*

माझे क्रिएटिनिन नॉर्मल होते, म्हणून मी निर्धास्त होतो. नेप्रोक्सेन घेत असताना लघवीला फेस येऊ लागला आणि डोळ्यांभोवती सूज दिसू लागली. तपासणीत लघवीतून प्रथिने जात असल्याचे आढळले. केवळ क्रिएटिनिनवर विसंबून राहू नये, लघवीची तपासणीही करून घ्यावी, असे मी कळकळीने सांगेन.

*

मी औषधाच्या दुकानात काम करतो. एकाच घटकाच्या दोन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्या एकाच वेळी घेणारी माणसे मला वारंवार भेटतात. डोकेदुखीच्या मिश्र गोळ्यांत पूर्वी सर्रास असणारे फेनासेटिन मूत्रपिंडाच्या हानीमुळे अमेरिकेत १९८३ मध्ये बंद करण्यात आले, तरी ‘साधीच गोळी आहे’ हा समज अजून गेलेला नाही.

*

मला संधिवात आहे आणि मूत्रपिंडाचे कार्य निम्म्यावर आले आहे, त्यामुळे या सगळ्या गोळ्या मला वर्ज्य आहेत. ठरवून दिलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल आणि गरम शेक एवढ्यावर भागवावे लागते. ‘गोळी घेऊ नका’ हे सांगणाऱ्यांनी दुखणे खरे असते, हेही ध्यानात घ्यावे. आज सकाळी बोटे उघडायलाच मला अर्धा तास लागला.