आपणच ‘तो’ असलो तर? ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ पाहतानाचे अनुभव

१९७८ सालच्या मूळ मालिकेतले सायलॉन, म्हणजे माणसांचे शत्रू असलेले यंत्रमानव, ओळखायला सोपे होते: धातूचे शरीर, डोळ्यांच्या जागी सरकत राहणारा लाल दिवा आणि यांत्रिक आवाज. रोनाल्ड मूर यांनी डिसेंबर २००३ मध्ये लघुमालिकेच्या रूपाने ही कथा नव्याने मांडली आणि २००९ पर्यंत चार पर्वांत ती पूर्ण केली, तेव्हा सायलॉनांचे रूपच बदलून टाकले. नवे सायलॉन हुबेहूब माणसांसारखे दिसतात. त्यांचे बारा नमुने आहेत, बहुतेक नमुन्यांच्या असंख्य प्रती आहेत, आणि काहींना तर आपण सायलॉन आहोत याचा पत्ताच नाही. सायलॉनांनी केलेल्या माणसांच्या बारा वसाहतींच्या संहारातून वाचलेले जेमतेम पन्नास हजार लोक जहाजांच्या ताफ्यातून पळत असताना शेजारचा माणूस नक्की कोण, हा प्रश्न त्यांना पडणे साहजिकच आहे. परंतु पाहणाऱ्याच्या मनात घर करून राहतो तो त्याच्या पुढचा प्रश्न.

या मालिकेतील कोणाच्या संशयाशी आपले नाते जुळले आणि का जुळले, हे सविस्तर लिहावे, अशी सर्वांना विनंती आहे. कथेतील सगळी रहस्ये येथे उघड होणार आहेत, तेव्हा ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांनी येथेच थांबलेले बरे. शेवट पटला की नाही हा वाद मात्र शक्यतो टाळावा. तो स्वतंत्रपणे पुष्कळ झाला आहे.

सुरुवात मी करतो. राष्ट्राध्यक्षा लॉरा रॉसलिन यांच्या जहाजात एक पांढरा फळा आहे आणि त्यावर जिवंत माणसांचा आकडा लिहिलेला असतो. कोणी मेले की तो खाली येतो. ‘३३’ या भागाच्या अखेरीस एक मूल जन्मते आणि त्या स्वतःच्या हाताने तो एकाने वाढवतात. मी गणिताचा माणूस असल्यामुळे तो आकडा मला फार भावला होता. पुढे बूमर, टाय, टिरॉल हे ताफ्यातले विश्वासातले लोकही सायलॉन आहेत हे कळल्यावर लक्षात आले की त्या आकड्यात हे सगळे मोजलेले असणार. मानवजात किती उरली याचा जो एकमेव हिशेब ताफ्याकडे होता, त्यात पहिल्या दिवसापासून सायलॉन होते, आणि तरीही तो हिशेब मला चुकीचा वाटत नाही. असे का वाटत नाही, याचे उत्तर शोधण्यासाठीच हा धागा काढला आहे.

* * *

मला अनेक वर्षांपासून मंत्रचळाचा विकार आहे. हात धूत राहण्याचा प्रकार लोकांना माहीत असतो. माझा प्रकार निराळा आहे. आपल्या हातून काही भयंकर घडून गेले असावे आणि आपल्याला ते आठवत नसावे, अशी शंका माझ्या मनात येते, आणि एकदा आली की पुराव्याने जात नाही. त्यामुळे ‘वॉटर’ या भागाची सुरुवात मी श्वास रोखून पाहिली. बूमर, म्हणजे लेफ्टनंट शॅरन व्हॅलेरी, अंगावरून पाणी निथळत असताना भानावर येते. आपण येथे कसे आलो हे तिला माहीत नसते, आणि तिच्या पिशवीत स्फोटके असतात. थोड्याच वेळाने ताफ्याचे रक्षण करणाऱ्या गॅलॅक्टिका या युद्धनौकेच्या पाण्याच्या टाक्या फुटतात. त्याच भागात पुढे ती पाण्याच्या शोधात जाते, उपकरणावर पाणी दिसत असते, पण ‘सापडले’ एवढे तोंडातून काढणे तिला अशक्यप्राय होते. आतले कोणीतरी अडवते आहे आणि अडवणारेही आपणच आहोत, ही अवस्था ग्रेस पार्क यांनी ज्या संयमाने दाखवली आहे, तशी मी अन्यत्र पाहिलेली नाही.

मात्र मला जे लिहायचे आहे ते पुढच्या प्रसंगाबद्दल. बूमर डॉ. बाल्टारकडे सायलॉन-चाचणीसाठी जाते. चाचणीत ती सायलॉन ठरते, परंतु बाल्टार घाबरून तिला ती माणूसच असल्याचे सांगतो. बहुतेक प्रेक्षक येथे बाल्टारच्या खोटेपणाकडे पाहतात. मी बूमरकडे पाहत होते. तिला हवे होते ते उत्तर मिळाले, तज्ज्ञाकडून मिळाले, आणि तरीही ती निश्चिंत होत नाही. बाहेरून आणलेल्या दिलाशाचे आयुष्य किती कमी असते, हे माझ्या डॉक्टरांनी मला कितीदा तरी समजावले होते; ‘विचारू नका, विचारल्याने शंका पोसली जाते’ असे त्या सांगत. ते पटायला मला हा प्रसंग पाहावा लागला. अर्थात येथे माझ्यात आणि बूमरमध्ये एक मोठा भेद आहे, आणि तो मला स्वतःला वारंवार सांगावा लागला: तिची शंका खरी होती. पहिल्या पर्वाच्या शेवटी ती गॅलॅक्टिकाचे कमांडर अडामा यांच्यावर गोळ्या झाडते. विकाराने ग्रासलेल्या माणसासाठी हे दृश्य जड जाते, म्हणून अशा कोणाला ही मालिका सुचवताना मी आधी सावध करते.

* * *

आम्ही एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्या बहिणी आहोत. वरील अनुभवात बूमरविषयी लिहिले आहे; मला तिच्या दुसऱ्या प्रतीविषयी लिहायचे आहे, जिला पुढे अथेना हे नाव मिळते. तीही आठव्या क्रमांकाच्या नमुन्याचीच, चेहरा तोच, आठवणीही बूमरच्याच घेऊन ती आली. तिने मात्र हेलो या ताफ्यातील अधिकाऱ्यावर प्रेम केले, स्वतःहून माणसांची बाजू घेतली आणि हेरा या मुलीला जन्म दिला. अडामा पहिल्या भेटीत तिचा गळा आवळायला धावतात, कारण त्यांना गोळ्या घालणारा चेहरा समोर उभा असतो. दुसरीने केलेल्याचा राग आपल्यावर निघणे हे जुळ्यांना नवे नाही, फक्त आमच्या बाबतीत ते प्रकरण परीक्षेच्या गुणांपुरते आणि नातेवाइकांच्या टोमण्यांपुरते राहिले.

चौथ्या पर्वात बूमर परत येते, अथेनाला मारहाण करून बांधून ठेवते, तिची जागा घेते, आणि हेलोला फरक कळत नाही. त्याच जहाजावर, त्याच खोलीत, नवऱ्याला कळत नाही. माझ्या बहिणीने आणि मी तो भाग एकत्र पाहिला आणि नंतर आमचे कडाक्याचे भांडण झाले. तिचे म्हणणे असे की, ज्याला कळले नाही त्याचे प्रेम उथळ होते. माझे म्हणणे असे की, माणूस चेहऱ्यावर आणि आवाजावर विश्वास ठेवतो, रोज नव्याने ओळख पटवून घेत नाही, आणि त्याने तशी घेऊही नये. लेखकांनी हेलोला सहज माफ केले असते किंवा सहज दोषी ठरवले असते तर हा भाग मी विसरले असते. अथेनाला बूमरने आपली मुलगी पळवून नेल्याचे दुःख आहेच, पण आपल्या जागी दुसरी बसली आणि जागा रिकामी झाल्याचेही कोणाला जाणवले नाही, ही जखम वेगळी आहे आणि तिला शब्द सापडत नाहीत. आमचे भांडण अजून मिटलेले नाही.

* * *

माझे थोडक्यात. मला कानाच्या आतील इम्प्लांटमुळे ऐकू येते. ‘नो एक्झिट’ या भागात कॅव्हिल हा सायलॉन आपल्या निर्मात्यांवर संतापतो की, मला यंत्राच्या क्षमता देता आल्या असत्या, मग हे माणसाचे दुबळे डोळे आणि कान का दिले. गॅमा किरण पाहावेत, क्ष-किरण ऐकावेत अशी त्याची इच्छा आहे. सगळ्यांना तो खलनायक वाटतो, मलाही वाटतो, परंतु ते भाषण मी परत परत ऐकले आहे. यंत्र शरीरात गेल्याने मी कमी माणूस झालो का, असे लोक गमतीने विचारतात. त्यांना कॅव्हिलची उलटी तक्रार ऐकवावीशी वाटते.

* * *

माझे पात्र फेलिक्स गेटा. तो सायलॉन नाही, तरी सर्वाधिक संशय सहन करणाऱ्यांपैकी एक आहे. न्यू कॅप्रिका या ग्रहावर सायलॉनांचे राज्य असताना तो बाल्टारच्या कार्यालयात काम करत राहतो आणि गुपचूप प्रतिकार करणाऱ्यांना माहिती पुरवतो. कुत्र्याचे पालथे भांडे ही त्यांची खूण ठरलेली असते. सुटका झाल्यावर लोक त्याला फितूर म्हणतात. एक गुप्त मंडळ फितुरांना परस्पर मृत्युदंड देत असते, आणि गेटाही हवाबंद कक्षात गुडघ्यांवर येतो. तो प्राणांची भीक मागत नाही. तो भांड्याचा उल्लेख करतो, आणि आपल्याला माहिती देणारा हाच होता हे टिरॉलच्या लक्षात येते म्हणून तो वाचतो.

मी एका कार्यालयात असताना गोपनीय माहिती बाहेर गेली आणि काही महिने संशयाची सुई माझ्याकडे होती. कोणी आरोप केला नाही. जेवताना गप्पा थांबायच्या, एवढेच. त्या काळात एक विचित्र गोष्ट घडली: मी स्वतःच माझे जुने ईमेल संशयिताचे वाचावेत तसे वाचू लागलो, आणि निरागस वाक्येही मला संशयास्पद दिसू लागली. इतरांची नजर आपल्या आत शिरते ती अशी. नंतर माहिती कशी गेली ते कळले आणि माझ्याशी सगळे पूर्ववत वागू लागले; गेटाच्या बाबतीत मात्र पूर्ववत काही होत नाही, आणि चौथ्या पर्वातील त्याच्या बंडाची मुळे मला त्या कक्षात दिसतात. त्या मंडळात टाय आणि टिरॉल होते, आणि गेटाची पाळी येण्यापूर्वी बाहेर पडलेला अँडर्सही आधी होता. तिघेही सायलॉन, आणि तिघांनाही ते ठाऊक नव्हते. फितुरीचा निवाडा करायला बसलेल्यांची ही यादी मालिकेतील सर्वांत कडवट विनोद आहे.

* * *

मी दत्तक आहे हे मला वयाच्या चाळिशीनंतर, आई-वडील दोघेही गेल्यावर, कागदपत्रे चाळताना कळले. त्यानंतर कोणीतरी ही मालिका सुचवली, बहुधा काही न जाणता. तिसऱ्या पर्वाच्या शेवटी चौघांना एकच गाणे ऐकू येऊ लागते, ते एका खोलीत जमतात आणि आपण कोण आहोत हे त्यांना कळते. कर्नल सॉल टाय यांच्याकडे मी पाहत राहिलो. सायलॉनांच्या कैदेत एक डोळा गमावलेला, सायलॉनांना माहिती दिली म्हणून पत्नीला स्वतःच्या हाताने विष दिलेला हा माणूस. त्याच क्षणी धोक्याची सूचना होते. टाय म्हणतात ते मी माझ्या शब्दांत सांगतो: मी ताफ्याचा अधिकारी आहे, बाकी मी काहीही असेन, मला हाच माणूस राहायचे आहे. आणि ते कामावर रुजू होतात.

हे भाषण पुष्कळांना धीर देणारे वाटते. मला त्यातली घाई जास्त ओळखीची वाटली. मीही कागद सापडले त्याच दिवशी कामावर गेलो होतो. पुढे चौथ्या पर्वात एक तपशील येतो, त्याने मला बराच काळ विचारात पाडले. टाय यांच्या आठवणींपैकी पहिल्या सायलॉन युद्धाच्या आठवणी मुळात रचलेल्या आहेत, पण अडामांशी असलेली मैत्री खरी आहे; ती युद्धानंतरची, प्रत्यक्ष जगलेली. म्हणजे त्यांच्या आयुष्यात एक रेघ आहे, जिच्या अलीकडचे सगळे खरे आणि पलीकडचे सगळे बनावट. ती रेघ त्यांना आतून दिसत नाही. दोन्ही बाजूंच्या आठवणी सारख्याच उबदार आहेत. माझे उलटे आहे. माझी एकही आठवण खोटी नाही, वडिलांनी सायकल शिकवली ती त्यांनीच शिकवली, फक्त सगळ्याच्या आधीचे एक पान दुसऱ्याच वहीतले निघाले. टाय यांच्याकडून मला धीर मिळाला नाही, मोजमाप मात्र मिळाले: त्यांचे किती गेले आणि माझे किती राहिले.

* * *

मी हौशी रंगभूमीवर काम करते, म्हणून थोडा विरोधी सूर लावते. टाय आणि इतर सायलॉन आहेत हे लेखकांनी सुरुवातीपासून ठरवले नव्हते. तिसऱ्या पर्वाच्या लेखनाच्या काळात ते ठरले, हे मूर यांनी स्वतः सांगितले आहे. सायलॉनांकडे योजना आहे, असे शीर्षकपट्टीत सांगत राहायचे आणि स्वतःकडे मात्र ती नसायची, ही प्रेक्षकांची फसवणूक आहे, असे माझे मत होते आणि आजही काही अंशी आहे.

तथापि नटाच्या बाजूने पाहिले तर लाभ स्पष्ट दिसतो. टाय साकारणाऱ्या मायकेल होगन यांना आधीच सांगितले असते तर पहिल्या दोन पर्वांत त्यांनी कोठेतरी सूचक नजर टाकली असती, एखादा विराम जास्त घेतला असता. कोणताही नट ते करतोच. त्यांना माहीत नव्हते म्हणून टायलाही माहीत नव्हते. स्वतःविषयीचे अज्ञान इतके निर्भेळ अभिनयाने साधता येत नाही, ते असावेच लागते. याउलट ग्रेस पार्क यांना बूमरचे रहस्य ठाऊक होते, कारण लघुमालिकेच्या शेवटीच ते प्रेक्षकांना दाखवले आहे, आणि त्यांच्या अभिनयातली शंका जाणीवपूर्वक घडवलेली आहे. दोन्ही पद्धती एकाच मालिकेत शेजारी शेजारी आहेत. यातली कोणती श्रेष्ठ, यावर मी ठाम नाही. योजनेचा अभाव मात्र लेखकांच्या खात्यावरच राहतो.

* * *

दीर्घ आजारातून उठून मी कामावर परतलो तेव्हा सहकाऱ्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता आणि किंचित अस्वस्थताही. कारा थ्रेस, म्हणजे स्टारबक, मृत्यूनंतर नव्या कोऱ्या विमानातून परतते तेव्हा तिच्याकडे सगळे तसेच पाहतात. पुढे तिला स्वतःचे जळालेले प्रेत सापडते आणि ती एकटीच त्याला अग्नी देते. ती नक्की काय होती याचे स्पष्टीकरण मालिका देत नाही, आणि यावर अनेकांचा राग आहे. माझा नाही. मला ‘आता कसे आहात’ असे विचारणाऱ्यांनाही माझ्याकडे पुरेसे उत्तर नव्हते.

* * *

वरील सर्व वाचून मी लघुमालिका पुन्हा लावली. गॅलॅक्टिकावर आग लागते. टाय कक्ष बंद करून हवा बाहेर सोडण्याचा हुकूम देतात आणि ८५ माणसे मरतात. टिरॉल काही क्षण मागत होता, त्याची माणसे आत होती, आणि नंतर तो अडामांपुढे संतापाने बोलतो. पहिल्या वेळी हा मला लष्करी शिस्तीचा नेहमीचा प्रसंग वाटला होता. आता दोघांचेही खरे स्वरूप माहीत असताना पाहिले, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर मी सायलॉन शोधत बसलो. सापडला नाही. एक जहाज वाचवण्यासाठी माणसे गमावतो आहे, दुसरा त्या माणसांसाठी वरिष्ठाशी भांडतो आहे, आणि ज्या शत्रूने ही आग लावली त्याच शत्रूचे हे दोघे आहेत. चाळिशीनंतर कागद सापडलेल्या सद्गृहस्थांनी हा प्रसंग पुन्हा पाहावा, असे मला वाटते. टाय तेथे हुकूम देण्याआधी किती वेळ थांबतात ते पाहा.